जांभ्यापासून बेसॉल्टपर्यंत: कृष्णेच्या उगमाकडचं पाणी

महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे, तिच्याखाली काळ्या बेसॉल्टचे थर. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस इथे कोसळतो. अशा पावसाने वरच्या खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम केव्हाच धुऊन नेलं. मागे राहिलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून जांभ्यातून पाझरणारा झरा जवळपास पावसाइतकाच अळणी असतो.

तेच पाणी बेसॉल्टच्या भेगांत शिरलं की पालटतं. मातीत मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आणि सौम्य आम्ल तयार होतं. हे आम्ल प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही खनिजं पोखरतं. पाण्यात उतरतात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका आणि भरपूर बायकार्बोनेट.

भर पावसात ओढा फुगतो, क्षार विरळ होतात. पण पाणी दहापट वाढलं म्हणून क्षार दहापट उतरत नाहीत. नवा पाऊस मातीत आणि भेगांत साठलेलं जुनं पाणी पुढे ढकलतो, आणि ते खडकाशी बराच काळ बोलून आलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये ओढ्यात फक्त हेच पाणी उरतं. क्षारांचा तारीख नसलेला आकडा म्हणूनच कामाचा नाही.

हे क्षार मोजायला पाण्याचा नमुना घेताना सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते) आणि विद्युतवाहकता (क्षार जास्त तितकी ती जास्त) काठावरच मोजा. क्षार कमी असलेल्या पाण्यात सामूमापकाचा आकडा सावकाश स्थिरावतो. घाई केली की चुकीचा आकडा टिपला जातो. बाटली प्रयोगशाळेत नेऊन मोजली, तर वाटेत कार्बन डायऑक्साइड उडतो आणि सामू चढतो.

मग पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून दोन बाटल्यांत घ्या. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, सामू २ च्या खाली जाईपर्यंत. दुसरीत आम्ल नाही. ती काठोकाठ भरून थंड ठेवायची. आधी गाळणं, मग आम्ल. क्रम उलटला तर गाळाचे कण आम्लात विरघळतात आणि नदीत नसलेलं लोह अहवालात येतं.

सर्वांत जास्त फसवते ती अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, इथे मुख्यतः बायकार्बोनेटची. ती मोजायला पाण्यात ठरावीक तीव्रतेचं आम्ल थेंबथेंब टाकत सामू ४.५ पर्यंत उतरवतात. १०० मिलिलिटर नमुन्यात ०.०२ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) सल्फ्युरिक आम्ल टाकलं, तर १ मिलिलिटर आम्ल म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी अल्कता. जांभ्यातल्या झऱ्याची सगळी अल्कताच कधीकधी एवढी असते. त्यात पाण्याचा सामू ४.५ पर्यंत आणायलाच लिटरला दीड मिलिग्रॅमएवढं जादा आम्ल खर्ची पडतं, म्हणजे १५ टक्के चूक. अशा पाण्याला दहापट विरळ आम्ल घ्या, ४.५ च्या खालीही थोडं थोडं टाकत नोंदी करा आणि आलेखावरून शेवटचा बिंदू, म्हणजे अल्कता नेमकी संपते ती जागा, काढा.

राहिलं क्लोराइड. बेसॉल्टमध्ये ते नगण्य असतं, तरी उगमापाशी सापडतं. ते येतं मोसमी वाऱ्यांबरोबर, अरबी समुद्रातून. कृष्णा वाहते पूर्वेला, मीठ मात्र पश्चिमेचं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडच्या १०० आयनांमागे (विद्युतभारित कणांमागे) सोडियमचे सुमारे ८६ असतात. तेवढं सोडियम वजा केलं की खडकाचा वाटा हाती येतो. हा हिशेब वस्तीच्या वरच्या अंगालाच चालतो. खाली सांडपाणी मिसळतं, आणि नुसत्या क्लोराइडच्या आकड्यावरून स्वयंपाकघरातलं मीठ समुद्राच्या मिठापासून वेगळं काढता येत नाही.