छातीवरून काढलेला हृदयाचा नकाशा

[दृश्य : टेबलावर पसरलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या, जवळून]

हृदयातल्या विजेचा नकाशा बाहेरून काढायच्या या पट्ट्यांवर एकूण २५२ इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीवरून वीज टिपणाऱ्या चकत्या, आहेत. नेहमीच्या ईसीजीला १० लागतात.

पुण्यातल्या एका रुग्णालयातली ही सकाळ. समोर बसलेले काका पीएमटीत कंडक्टर होते. त्यांच्या छातीवरचे केस काढून झालेत, कातडी पुसून कोरडी केलीय. घाम राहिला तर पट्टी सुटते, आणि पट्टी सुटली की हृदयाची तेवढी बाजू पुसट दिसते. म्हणून टेक्निशियन ताई घाई करत नाहीत. आधी समोरच्या पट्ट्या, मग बगलेखालच्या. "काका, आता जरा पुढे वाका." या पाठीच्या. एकेक इलेक्ट्रोड त्या अंगठ्यानं दाबून बसवतात.

पाठीच्या पट्ट्यांकडे नीट बघा. हृदयाचा डावा वरचा कप्पा छातीत सगळ्यात मागे, पाठीच्या कण्यापुढे असतो. काकांच्या आजाराचं, हृदयाचा ताल बिघडवणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनचं, मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं. आणि साध्या ईसीजीत पाठीवर एकही इलेक्ट्रोड नसतो.

[दृश्य : ईसीजीचा कागद, बोट एका ठोक्यावरून दुसऱ्यावर सरकतं]

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे काय ते या कागदावर दिसतं. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन पावायचे, ते मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. त्यातले सगळेच विजेचे झटके खाली पोचत नाहीत. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली गाठ त्यांतले काही सोडते, काही अडवते, आणि खालच्या कप्प्यांचे ठोके वेडेवाकडे पडू लागतात. या कागदावर दोन ठोक्यांमधलं अंतर कुठेही सारखं नाही. प्रत्येक मोठ्या ठोक्याआधी जो लहानसा उंचवटा असायला हवा, तो नाही.

काकांना हे कळलं मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी. नेत्ररुग्णालयात ईसीजी काढला आणि भूलतज्ज्ञांनी फाइल बाजूला ठेवली. त्याआधी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. घरच्यांनी ते वयावर टाकलं होतं. फार घरांत असंच होतं.

[दृश्य : जुनं छायाचित्र : हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसलेला माणूस]

नेदरलँड्समधल्या लायडनचे विलेम आइन्थोव्हेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बनवलेल्या यंत्रावर हृदयाची वीज मोजायची, तर माणसाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. यंत्रानं जवळजवळ दोन खोल्या व्यापल्या होत्या. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून ईसीजी डॉक्टरांना ठोका कसा पडतोय हे सांगत आलाय. तो हृदयाच्या नेमक्या कुठल्या जागेवरून सुरू होतो, हे मात्र त्यावरून फार ढोबळ कळतं.

अडचण समजायला सोपी आहे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोलपथक वाजतंय आणि आपण शेजारच्या बोळात, भिंतीआड उभे आहोत. आवाज पुरेपूर येतो, पण पहिली थाप कुणाच्या ढोलावर पडली ते इथून सांगता येत नाही. हृदयातली वीजही फुप्फुसं, स्नायू, हाडं, चरबी यांतून वाट काढत कातडीपर्यंत येईतो पसरते, एकमेकींत मिसळते. छातीवर जे मोजलं त्यावरून हृदयावर काय घडलं ते उलटं काढायचं, तर गणितात अक्षरशः असंख्य उत्तरं निघतात आणि मोजमापातली बारीकशी चूक उत्तरात प्रचंड होऊन बसते. त्या उत्तरांना गणितीच लगाम घालावा लागतो. अमेरिकेत योराम रूडी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं याच कोड्यामागे लागले होते. माणसाच्या धडाच्या आकाराच्या टाकीत कुत्र्याचं जिवंत हृदय ठेवून त्यांनी गणिताचं उत्तर आणि प्रत्यक्ष मोजमाप ताडून पाहिलं. २००४ मध्ये त्यांनी माणसांवरचे नकाशे प्रसिद्ध केले.

[दृश्य : सीटी स्कॅनची खोली, पट्ट्यांसकट काका टेबलावर सरकतात]

पट्ट्या अंगावर ठेवूनच सीटी स्कॅन. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी मिळतात : काकांच्या हृदयाचा आकार, आणि त्यापासून प्रत्येक इलेक्ट्रोड किती अंतरावर, कुठल्या दिशेला आहे ते. म्हणूनच मघाशी ताई इतक्या जपून पट्ट्या बसवत होत्या. आता एक जरी हलली, तर गणितातली तिची जागा चुकते. "काका, श्वास रोखा... सोडा."

[दृश्य : मॉनिटरवर धावणाऱ्या रेघा, डॉक्टर आणि ताई शेजारीशेजारी]

आता वाट बघायची. खालच्या कप्प्यांची वीज वरच्यांपेक्षा कितीतरी मोठी असते, ठोका पडला की ती सगळं झाकून टाकते. वरच्या कप्प्यांचं ऐकायचं, तर दोन ठोक्यांमध्ये चांगली मोठी फट हवी, सेकंदभराची किंवा जास्त. ती मिळत नसेल तर ठोके मंदावणारं औषध देतात. सुदैवानं या आजारात ठोके अनियमितच असतात, त्यामुळे मध्येच एखादी लांब फट येते. ही आली. ताईंनी खूण केली. ही दुसरी. अशा फटी गोळा करत बसणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि नकाशाचा कस इथेच ठरतो.

[दृश्य : पडद्यावर फिरतं त्रिमित हृदय, लाल-निळ्या लाटा]

हे काकांचं हृदय. त्याच्या पृष्ठभागावरच्या सुमारे १,५०० ठिकाणची वीज संगणकानं हिशेबानं काढली आहे. एकही तार आत गेलेली नाही.

डाव्या वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर, खालच्या बाजूला बघा. लाट उठते, दोन-तीन वेढे घेते, विरते. थोड्या वेळानं पुन्हा तिथेच, जराशी सरकून. डावीकडे, फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी दुसरी जागा. उजव्या कप्प्यात तिसरी. थरथर चालू ठेवणाऱ्या जागा त्या याच.

शिरांच्या तोंडाचं महत्त्व १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हायसागेर यांच्या गटानं दाखवलं. तेव्हापासून तिथे वीज अडवण्यासाठी डाग देणं, म्हणजे अॅब्लेशन, हा उपचार रुळला. पण आजार मुरलेला असेल तर तेवढ्यावर भागत नाही. म्हणून आणखी डाग देऊन पाहिले गेले. २०१५ मध्ये ५८९ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला : ठरावीक नमुन्यानं वाढवलेल्या डागांचा जास्तीचा फायदा नाही. आमच्या मते नकाशाची गरज इथेच दिसते. प्रत्येकाच्या हृदयातली जागा वेगळी असेल, तर आधी ती शोधायला हवी.

बोर्दोच्याच गटानं २०१४ मध्ये १०३ रुग्णांचे असे बाहेरून काढलेले नकाशे मांडले. आजार सलग एक ते तीन महिने टिकला असेल, तर अशा जागा साधारण ३ सापडल्या. चार ते सहा महिन्यांत ४. त्याहून जुना असेल तर ६. आजार फार मुरलेला नसेल, तर नुसत्या या जागांवर डाग देऊन ७५ टक्के रुग्णांचं फिब्रिलेशन थांबलं. दीर्घकाळ मुरलेल्या आजारात १५ टक्के. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत घरी बसलेल्यांनी हे दोन आकडे जरूर ऐकावेत. काकांचा आजार कळून पाच महिने झालेत.

नकाशाला मर्यादा आहेत. दोन कप्प्यांमधला पडदा बाहेरून नीट दिसत नाही, आणि आत तार घालून काढलेल्या नकाशाशी हा बाहेरचा नकाशा सगळीकडे जुळतोच असं नाही. म्हणून आत गेल्यावरही डॉक्टर प्रत्येक जागा पुन्हा मोजतात.

[दृश्य : कॅथलॅबचं, म्हणजे हृदयात तार घालण्याच्या खोलीचं, बंद दार, नंतर वॉर्डात काका, शेजारी काकू]

जांघेतल्या शिरेतून तार गेली. आधी शिरांच्या तोंडाभोवती डाग, मग नकाशातल्या तीन जागा. दुसऱ्या दिवशीच्या ईसीजीत तो लहानसा उंचवटा दिसला.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परतू शकते, त्यावरून निकाल लावत नाहीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी काकांना चालूच ठेवायची आहे. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूकडे जाऊ नये म्हणून ती असते, आणि ती किती काळ घ्यायची हे ठोका सुधारला यावरून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय का, हे बघून डॉक्टर ते ठरवतात. डिस्चार्जच्या कागदावर ताईंनी त्या गोळीखाली दोन रेघा ओढल्या आहेत.