रिकामा गोठा आणि कोंबड्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली गेली आणि अनेक घरांमागचे गोठे रिकामे पडले. भिंती उभ्या आहेत, छप्पर शाबूत आहे, मग त्यातच कोंबड्या का पाळू नयेत, असा विचार गावोगावी होतो आहे आणि तो योग्यच आहे, कारण नवीन शेड उभारण्याचा खर्च छोट्या कुक्कुटपालनाला सहसा झेपत नाही. मात्र बहुतेक ठिकाणी आधी पिल्ले येतात आणि जागेची मोजणी नंतर होते, किंवा होतच नाही. म्हणून आज मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे: आपल्याकडे असलेला गोठा किंवा पत्र्याची खोली नेमक्या किती कोंबड्यांना पुरेल, हे कसे ठरवायचे?

अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला गादी पद्धतीत, म्हणजे तूस किंवा भुसा अंथरलेल्या जमिनीवर, साधारण 2 चौरस फूट जागा लागते. गिरिराज, वनराज यांसारखे अंगाने भारी पक्षी असतील, तर अडीच फूट धरावेत. मांसासाठी थोडे आठवडे ठेवायच्या ब्रॉयलरला 1 चौरस फूट पुरतो, आणि पहिल्या चार आठवड्यांच्या पिल्लाला अर्धा. हे आकडे बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेले असतात. चूक होते ती भागाकारात नव्हे, तर ज्या क्षेत्रफळाला आपण भागतो, त्यात.

एक उदाहरण घेऊ. बाहेरून 20 फूट लांब आणि 12 फूट रुंद असा गोठा आहे. 240 चौरस फूट झाले, दोनने भागले, 120 कोंबड्या बसतील, असा हिशेब झटकन मांडला जातो. आता टेप घेऊन आत चला. दगडमातीच्या भिंती सव्वा फूट जाडीच्या आहेत, त्यामुळे आतले माप साडेसतरा बाय साडेनऊ, म्हणजे सुमारे 166 चौरस फूट भरते. एका लांब भिंतीला 2 फूट रुंदीची गव्हाण आहे, तिने 35 फूट खाल्ले. खाद्याची पोती, बादल्या आणि आपल्याला उभे राहायला दाराजवळ 4 बाय 4 फुटांचा कोपरा जाळीने वेगळा करावाच लागतो. उरले 115 चौरस फूट. भारी जातीच्या पक्ष्याला अडीच फुटांप्रमाणे भागले, तर 46 कोंबड्या येतात. कुठे 120 आणि कुठे 46! गव्हाण फोडून काढली, तर आणखी चौदा पक्षी वाढतील आणि माझा सल्ला ती काढण्याचाच आहे, कारण गव्हाणीच्या आडोशाला घुशी बिळे करतात आणि कोंबड्या तिथे चोरून अंडी घालतात. पण ती काढेपर्यंत तिची जागा हिशेबात धरू नका.

दाटीचा परिणाम पहिल्या आठवड्यात दिसत नाही, आणि त्यामुळेच लोक फसतात. पिल्ले लहान असताना गोठा प्रशस्त वाटतो. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, वाढू लागल्या, की विष्ठा गादी सुकण्याच्या वेगापेक्षा जास्त पडू लागते, गादी ओलसर राहते, तिच्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि पक्ष्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागते. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू जोमाने वाढतात. मोकळी हालचाल न मिळालेले पक्षी एकमेकांची पिसे उपटतात, आणि एकदा का रक्त दिसले, की टोचून टोचून जीव घेण्यापर्यंत वेळ जाते. वासाची परीक्षा करायची असेल, तर गोठ्यात उभे राहून करू नका, खाली बसून नाक गादीपासून हातभर अंतरावर न्या. कोंबडी दिवसरात्र त्याच उंचीवरची हवा घेते.

‘आमच्या कोंबड्या दिवसभर बाहेर चरतात, आम्हाला फक्त रात्रीचा निवारा हवा,’ असे अनेकजण म्हणतात. निव्वळ रात्रीपुरता विचार केला, तर पक्ष्यामागे 1 चौरस फूट चालतो, हे खरे आहे. परंतु कोकणात, घाटमाथ्यावर, मावळात आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस पाऊस उघडत नाही, तेव्हा त्याच कोंबड्या चोवीस तास आत असतात. मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची, साथ गावात आली, तरीही कळप कोंडूनच ठेवावा लागतो. म्हणून परसातल्या कोंबड्यांसाठीसुद्धा जागा बंदिस्त दिवसांच्या हिशेबानेच ठरवावी. घरच्या अंड्यांपुरत्या दहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाला 5 बाय 5 फुटांचे खुराडे लागते. एवढ्याशा खुराड्यात माणसाला शिरता येत नाही, तेव्हा त्याची एक बाजू पूर्ण उघडेल अशी करून घ्यावी, नाहीतर कोपऱ्यातली घाण कोपऱ्यातच राहते.

लांबी-रुंदीइतकेच महत्त्व उंचीला आहे, आणि इथे जुना गोठा मोठा चकवा देतो. वर्षानुवर्षे मूत्र मुरलेली जमीन तशीच वापरता येत नाही. वरची माती उकरून काढायची, मुरूम भरून चोपायचा आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा फूटभर उंच घ्यायची. त्यावर 4 ते 6 इंच गादी. वळचणीला साडेसहा फूट असलेले छप्पर या सगळ्यानंतर जेमतेम 5 फुटांवर येते. वैशाखात असा बुटका पत्रा तापला, की खालचे पक्षी चोच उघडून धापा टाकतात, खाणे सोडतात आणि अंडी कमी होतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून उंची मोजताना भराव आणि गादी वजा करून वळचणीला किमान 7 फूट उरतात का, ते पाहावे. उरत नसतील, तर छप्पर उचलावे, अथवा पक्ष्यांची संख्या उतरवावी आणि पत्र्यावर गवताचा जाड थर किंवा चुन्याचा पांढरा हात द्यावा. कौलारू छप्पर असेल, तर ते मोडून पत्रे घालण्याचा मोह टाळा, कौलांखाली पक्षी अधिक सुखी असतात.

रुंदीचा संबंध वाऱ्याशी आहे. दोन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये 25 ते 30 फुटांपेक्षा जास्त रुंदी झाली, तर मधल्या भागात वारा पोहोचत नाही. गोठे सहसा एवढे रुंद नसतातच, त्यांची अडचण उलटी असते: चारही भिंती बंद आणि एक खिडकी. अशा गोठ्यात क्षेत्रफळाचा हिशेब अचूक असूनही पक्षी आजारी पडतात. समोरासमोरच्या दोन्ही लांब भिंतींचा वरचा भाग काढून तिथे जाळी बसवावी आणि खाली दीड-दोन फुटांची भिंत ठेवावी. हे करण्याआधी छपराचा भार लाकडी खांबांवर आहे की भिंतींवर, हे गवंड्याला दाखवून घ्या. खांबांवर असेल, तर भिंत निर्धास्त उतरवता येते, भिंतीवर असेल, तर मोजक्या रुंद खिडक्यांवर भागवावे लागेल आणि तेवढे पक्षी कमी घ्यावे लागतील. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम असेल, तर ऊन थेट आत येत नाही. उत्तर-दक्षिण असेल, तर पश्चिमेच्या बाजूला पागोळी 3 फूट पुढे काढून दुपारच्या उन्हापुरते गोणपाटाचे पडदे लावावेत. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, वेल्ड केलेली घ्यावी. मोठ्या भोकांच्या षटकोनी जाळीतून कोंबडी बाहेर येत नाही, पण उंदीर आणि साप आत जातात. मूत्र वाहून नेणारी जुनी मोरी बाहेरच्या तोंडाशी बुजवायला विसरू नये, मुंगसाचा तो राजरस्ता असतो.

आता आतल्या मांडणीवरून संख्येची आणखी एक पडताळणी करता येते. रात्री बसायला प्रत्येक कोंबडीला 8 इंच दांडी लागते. आपल्या उदाहरणातल्या गोठ्यात गव्हाण तशीच ठेवली, तर आडव्या दांडीला साडेसात फूट मिळतात. सव्वा-सव्वा फुटाच्या अंतराने चार दांड्या बसवल्या, की 30 फूट झाले, म्हणजे 45 पक्षी. जमिनीवरून आलेला आकडा 46 होता, तेव्हा 45 हा आकडा पक्का धरायला हरकत नाही. दोन हिशेबांत तफावत आली, तर नेहमी लहान आकडा घ्यावा. भारी पक्ष्यांसाठी दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको, उडी मारताना पायांना इजा होते. पाच कोंबड्यांमागे अंडी घालायची एक पेटी, साधारण 1 फूट लांब-रुंद, अंधाऱ्या बाजूला ठेवावी. खाद्याच्या भांड्यावर पक्ष्यामागे 4 इंच कड मिळाली पाहिजे. पंचेचाळीस पक्ष्यांना 15 फूट लागतात, आणि दोन्ही बाजूंनी खाता येईल अशा 4 फुटांच्या दोन पन्हळींत ते भागते.

गोठा गरजेपेक्षा फार मोठा असेल, तर काय करावे, असेही विचारले जाते. सगळा एकदम वापरू नये. जाळीचे पार्टिशन घालून गरजेपुरता भाग कळपाला द्यावा. उरलेल्या भागाला काम लवकरच लागते, कारण कळप वाढतो. एखादी गावठी कोंबडी खुडूक होते, आपण तिला दहा-बारा अंड्यांवर बसवतो, आणि दोन-अडीच महिन्यांत तेवढ्याच जागेत नवे तोंड घालणारे पक्षी तयार होतात. त्यांतले निम्मे नर असतात आणि ते एकमेकांशी झुंजू लागतात. नर केव्हा विकायचे, हे ठरलेले नसेल, तर 45 चा कळप 60 वर केव्हा गेला, ते समजतही नाही. बाहेरून विकत आणलेले पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायलाही हाच भाग उपयोगी पडतो. तिथले खाद्यपाणी नेहमी शेवटी करावे आणि चपला बदलाव्यात.

पिल्लांची मागणी नोंदवण्यापूर्वी गोठ्याचे आतले माप, गव्हाणीचे आणि दाराजवळच्या कोपऱ्याचे माप, आणि भराव वजा जाता उरणारी उंची कागदावर लिहून तो कागद तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. तिथेच लसीकरणाच्या तारखाही लिहून घ्याव्यात. त्यानंतर भिंतींना चुना द्यावा, फटी लिंपाव्यात, गोठा दोन आठवडे मोकळा आणि कोरडा राहू द्यावा, आणि आपला आकडा 45 आला असेल, तर पिल्लांची मरतूक धरून पन्नासच्या आत मागणी द्यावी. उबवणी केंद्रात शंभरची पेटी स्वस्त पडते असे सांगितले जाईल. अशा वेळी शेजारच्या घराशी बोलून ती पेटी दोघांत वाटून घ्यावी.

नमस्कार.