उन्हात बसून खेळायचा खेळ

नमस्कार, श्रोतेहो.

हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा खेळ म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? पडदे ओढलेली खोली, कूलरचा आवाज आणि कोपऱ्यात मान घालून बसलेलं लेकरू. आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो खेळ त्या लेकराला उठवून गच्चीवर पाठवतो. ऊन नसेल तर हा खेळ पुढं सरकत नाही. परत सांगतो, खरं ऊन, आपल्या डोक्यावरचं.

खेळाचं नाव ‘बोकताय’. 2003 साली कोनामी या जपानी कंपनीनं तो गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या यंत्रासाठी काढला. निर्माते हिदेओ कोजिमा, ‘मेटल गिअर’ या खेळांच्या मालिकेमुळं गाजलेले. या खेळाच्या काडतुसातच, म्हणजे यंत्रात खोचायच्या त्या चपट्या तुकड्यातच, उजेड मोजणारा सेन्सर बसवलाय. काडतूस खोचल्यावर त्याचा थोडा भाग बाहेर राहतो, तिथंच हा सेन्सर असतो. त्यावर ऊन पडलं की पडद्यावरची पट्टी भरते आणि सावली आली की उतरते.

गोष्ट तशी साधी. जॅंगो नावाचा पोरगा, त्याच्याकडं सूर्याच्या उजेडावर चालणारी बंदूक, आणि समोर तळघरांतली रक्तपिशाच्चं न्‌ चालते मुडदे. बंदूक सुट्या भागांची: भिंग, बॅटरी आणि फ्रेम. भिंग बदललं की आग, बर्फ असा माऱ्याचा प्रकार बदलतो. फ्रेम बदलली की गोळी कशी सुटते ते बदलतं, आणि बॅटरीवर किती ऊन साठेल ते ठरतं. नवखा खेळाडू हमखास मारझोडीची फ्रेम लावतो आणि बॅटरीकडं बघत नाही. मग तळघराच्या मधोमध बंदूक रिकामी होते. तेव्हा आधी बॅटरी बघा.

मारामारीपेक्षा लपाछपी जास्त. मुडद्यानं पाहिलं की तो मागं लागतो, म्हणून भिंतीवर ठकठक करायचं, तो आवाजाकडं वळला की मागनं निसटायचं. तळघराच्या छताला काही ठिकाणी झरोके असतात. बाहेर खरं ऊन असेल तर त्या झरोक्यातून खेळातही ऊन उतरतं, आणि तिथं उभं राहून बंदूक भरून घेता येते. शिल्लक ऊन ठेवायला खेळात बँक आहे, आणि हातात काहीच उरलं नाही तर कर्जही मिळतं. त्या कर्जाचं नावच ‘डार्क लोन’, अंधाराचं कर्ज. आपल्याकडच्या सावकारांना निदान नाव तरी एवढं खरं ठेवायचं सुचलं असतं तर किती घरं वाचली असती! असो, खेळाकडं येतो.

खरी गंमत पिशाच्चाला हरवल्यानंतर आहे. हरवलं म्हणजे संपलं नाही. त्याला शवपेटीत घालायचं, साखळीनं ओढत सगळ्या तळघरातून बाहेर आणायचं आणि उघड्यावरच्या यंत्रात ठेवून उन्हानं जाळायचं. पेटी मधेच हिसके देते, जॅंगोची चाल मंदावते, वाटेत मुडदे आले तर पेटी सोडून लढावं लागतं. आणि एवढं करून बाहेर पोचल्यावर खरं ऊन हवं. नसेल तर काही होत नाही.

यावरून अंबाजोगाईच्या एका पोराची गोष्ट सांगतो. वैशाखातले दिवस, जुनं माळवदाचं घर. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला हा पोरगा दुपारी तीनला माळवदावर चढला. आज्जीच्या कुरडया सकाळपासून तिथंच वाळत होत्या. पोरानं एका कोपऱ्यात बैठक मारली. काउंट नावाचा पहिला मोठा पिशाच्च त्यानं पाडला, पेटी ओढायला घेतली. ओढता ओढता साडेचार झाले. पेटी यंत्रावर ठेवली, ऊन पडलं, काउंट धडपडायला लागला. आणि नेमकं तेव्हाच बालाघाटाच्या अंगानं वळवाचं आभाळ चढून आलं.

पट्टी अर्धी झाली. मग पाव झाली. पोरगा उठून उभा राहिला, यंत्र डोक्यावर धरलं, या कठड्यावरनं त्या कठड्यावर पळाला. काउंट परत जोर धरू लागला. एवढ्यात आज्जी वर आली, परात घेऊन. तिनं आभाळ कधीच ओळखलं होतं.

“आभाळाकडं काय हात करायलास? ते काय तुझ्या बापाचं हाय का? धर ही परात.”

“आज्जे, थांब, पेटी जळायलीय!”

“कुरडया भिजल्यावर तू खातूस का?”

पोरगा चडफडत कुरडया गोळा करू लागला. इकडं काउंट सुटला, तिकडं टपोरे थेंब सुरू झाले. खाली आल्यावर आज्जीनं विचारलं, खेळ काय होता? पोरानं सगळं सांगितलं: पिशाच्च, पेटी, ऊन. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, “मग तिनाला कशाला बसलास?”

“म्हंजे?”

“कुरडई पहाटं घालतेत. चीक रातीच तयार पायजे, म्हंजे सगळं ऊन तिला घावतंय. वैशाखात चारच्या पुढं उन्हाचा भरवसा धरतेत का कुणी?”

दुसऱ्या दिवशी पोरगा सातला बसला. तळघराचं काम, जिथं ऊन कमी लागतं ते, त्यानं सकाळच्या कोवळ्या उन्हात उरकलं. साडेनऊला पेटी दारात. तरी पट्टी भरेना! आज्जी पलीकडं पापड उलटत होती. तिनं एकदा बघितलं. “उन्हाकडं पाठ करून बसलास, तर सावली कुठं पडंल रं?”

मुद्दा हाच होता. त्याचं यंत्र होतं एस-पी, म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचाच घडीचा प्रकार. त्यात काडतूस खालच्या कडेला, पोटाच्या बाजूला खोचलं जातं. पाठ उन्हाकडं केली की खेळाडूची सावली नेमकी सेन्सरवर पडते. पोरगा उन्हाला कूस देऊन बसला, डोकं जिन्याच्या चौकटीच्या सावलीत, यंत्राची खालची कड तेवढी उन्हात. पट्टी भरली. काउंट राख झाला, आणि आज्जी म्हणाली, “झालं ना? आता पापडावरचे कावळे हाकल.”

तर श्रोतेहो, लक्षात ठेवायचं ते एवढंच: पेटी सकाळी बाहेर काढा. तळघर आधी, पेटी सकाळी. पाठ उन्हाकडं करू नका आणि बाहेर राहिलेल्या काडतुसावर बोट ठेवू नका. पट्टी न भरण्याची निम्मी कारणं या दोनांत येतात. घरातल्या ट्यूबखाली बसून पट्टी भरायची वाट बघू नका.

भर उन्हात पडदा दिसेल का, असं विचारतात. पहिल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला आतून दिवाच नव्हता. तो बाहेरच्या उजेडावरच दिसायचा, म्हणून घरात मंद आणि उन्हात स्वच्छ. एस-पीच्या सुरुवातीच्या यंत्रांना पुढून दिवा आहे, तीही उन्हात चालतात. नंतरच्या, मागून दिवा असलेल्या एस-पीचा पडदा मात्र उन्हात फिका पडतो. गेम बॉयनंतर आलेल्या जुन्या डी-एस आणि डी-एस लाइट या यंत्रांमध्येही हे काडतूस बसतं. त्यापुढच्या डी-एस-आय आणि थ्री-डी-एसला ते काडतूस खोचायची खाचच नाही, तेव्हा ती घेऊन फसू नका.

फसण्यावरून आठवलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात या खेळाची नकली काडतुसं असतात. त्यांत खेळ असतो, सेन्सर नसतो. विकत घेण्याआधी यंत्रात घालून उन्हात धरा, मग हातानं झाका. पट्टी हलली तरच पैसे द्या. काडतुसात घड्याळही आहे. त्याची बॅटरी दमलेली असली की वेळ भरकटते आणि खेळातले दिवस-रात्र बाहेरच्याशी जुळत नाहीत. बॅटरी बदलायला काडतूस उघडून डाग द्यावा लागतो, ते घरच्या घरी करू नका, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं द्या. संगणकावर हा खेळ चालवणारे लोक बटण दाबून ऊन कमी-जास्त करतात. बटणातलं ऊन ते काय ऊन! पण हौसेला मोल नाही.

यंत्र पत्र्यावर किंवा कठड्यावर ठेवून जेवायला जाऊ नका. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि एस-पीतल्या लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. बंदूक भरली की यंत्र सावलीत घ्या, परत लागेल तेव्हा उन्हात धरा.

याचा दुसरा भाग 2004 साली आला. तिसरा 2005 साली, तो जपानातच राहिला. पुढं ‘लुनार नाइट्स’ नावानं डी-एसवर जो खेळ आला, त्यात हवामान खेळातल्या खेळातच तयार होतं, बाहेर जायचं कामच नाही. तो वाईट नाही, पण तो खोलीत बसून खेळता येतो. मला विचाराल तर पहिला घ्या, आणि खेळायचा मोसम म्हणाल तर मार्गशीर्ष-पौष. ऊन कडक नाही, आभाळ स्वच्छ, आणि सकाळी आठला माळवदावर बसायला कुणाचीच ना नसते.

नमस्कार.