आडतीचा नियम राहतो कुठे?

(दृश्य: मध्यरात्र. ठाणे–बेलापूर रस्ता. तुर्भ्याकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग.)

निवेदन:

वाशीचा भाजीपाला बाजार जागा होतो तेव्हा बाकीची नवी मुंबई झोपलेली असते. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांचं हे आवार. नाशिक, जुन्नर, साताऱ्याकडून निघालेल्या गाड्या इथे येऊन लागतात. माथाडी माल उतरवतात, तोल होतो, भाव ठरतो. मग गाळ्यावरचे मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारे कारकून, एक कागद बनवतात. त्याला बाजारात पट्टी म्हणतात.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा हिशोब. गोण्या किती आल्या, वजन किती भरलं, भाव काय लागला, त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं किती गेलं, आणि शेवटी हातात किती आले. कागद एवढासा असतो, पण गावाकडे बसलेल्या माणसाचे चार महिने त्या शेवटच्या आकड्यात उतरलेले असतात. आज अनेक गाळ्यांवर तो आकडा संगणक काढतो. तो ज्या नियमांनी काढतो, ते नियम प्रोग्राममध्ये नेमके कुठे लिहायचे, हा या चित्रफितीचा विषय आहे.

(दृश्य: एक पट्टी जवळून. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.)

एक उदाहरण घेऊ. दोन हजार किलो कांदा, भाव किलोला दहा रुपये. विक्री झाली वीस हजारांची. हमालीपासून गाडीभाड्यापर्यंतचा सगळा खर्च धरू दोन हजार सहाशे. आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, उदाहरणापुरती सहा टक्के धरू, ते झाले बाराशे. आडत शेतकऱ्याकडून घ्यायची असेल, तर त्याच्या हातात 16,200 येतात. खरेदीदाराकडून घ्यायची असेल, तर शेतकऱ्याला 17,400 मिळतात आणि खरेदीदार 21,200 मोजतो.

हा 'असेल तर' कल्पनेतला नाही. फळं-भाजीपाल्यावरची आडत वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची बाजार आवाराबाहेरची विक्री नियमनमुक्त केली, आणि त्याच वेळी आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्यावरून राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पाळला, वाद झाले. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर बदल एका वाक्याचा होता: कपात या खात्यातून काढा, त्या खात्यात टाका.

ते एक वाक्य प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी असेल, तर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

(दृश्य: महापे. मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचांवर सकाळचं ऊन. आत एका पडद्यावर कोड.)

पण ते सहसा एका ठिकाणी नसतं. या चित्रफितीसाठी आम्ही पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि जँगो हा तिचा फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, वापरून पट्टीचा एक छोटा वेब ॲप्लिकेशन लिहिला, आणि असे प्रोग्राम वाढतात तसाच तो वाढू दिला. पहिल्या दिवशी पट्टी भरायचं एक पान होतं. फॉर्म आला की व्ह्यू फंक्शनने, म्हणजे पानाची विनंती घेऊन उत्तर देणाऱ्या कोडने, आकडे घेतले, आडत वजा केली, पट्टी साठवली. त्यात वावगं काहीच नाही. मग मोबाइल ॲप आलं, त्यासाठी वेगळा एपीआय, म्हणजे ॲपला सर्व्हरशी बोलायचं दार, आला, आणि आडतीच्या चार ओळी तिथे उतरवल्या गेल्या. मग एक्सेलची फाइल चढवायची सोय आली. मग रात्री दुरुस्त वजनांच्या पट्ट्या पुन्हा काढणारं काम आलं. प्रत्येक ठिकाणी त्याच चार ओळी, थोड्याशा वेगळ्या. एका ठिकाणी हमाली वजा करण्याआधी आडत काढलेली, दुसऱ्या ठिकाणी नंतर.

याला सॉफ्टवेअरवाले बिझनेस लॉजिक म्हणतात: धंद्याचे नियम, जे वेबसाइट नव्हती तेव्हाही होते आणि उद्या वेबसाइट बदलली तरी राहतील.

फ्रेमवर्क या नियमांना घर देत नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या शहरात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये तिथल्या दैनिकाच्या वेबसाइटसाठी तो लिहायला घेतला, आणि जुलै 2005 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. बातमी साठवायची, शोधायची, पानावर मांडायची, तीही छपाईच्या घाईत. म्हणून मॉडेल (नोंदींची रचना), व्ह्यू (विनंती आणि उत्तर), टेम्प्लेट (पानाची मांडणी) ही त्याची तीन दालनं. बातमीला आडत नसते. पुढे पायथनचेच आणखी फ्रेमवर्क आले: 2010 मध्ये आर्मिन रोनाखरचा फ्लास्क आला, 2018 मध्ये सेबास्तियन रामिरेझचा फास्टएपीआय आला. विनंती कशी घ्यायची आणि उत्तर कसं द्यायचं, हे दोघंही उत्तम सांगतात. हिशोब कुठे करायचा, ते तुमच्यावर सोडतात.

(दृश्य: पडद्यावर मॉडेलची फाइल. 'सेव्ह' हे नाव ठळक होतं.)

पहिला उपाय बहुतेकांना सुचतो तो मॉडेलचा. नियम पट्टीच्या मॉडेलमध्ये, 'सेव्ह' या नोंद साठवणाऱ्या फंक्शनच्या आत ठेवायचा. पट्टी कुठूनही साठवली तरी तो लागणारच, असं वाटतं. पण तो लागतोच असं नाही. जँगोमध्ये अनेक नोंदी एकदम बदलायला क्वेरीसेटवर, म्हणजे निवडलेल्या नोंदींच्या संचावर, 'अपडेट' वापरलं, तर ते थेट डेटाबेसशी बोलतं. तुमचं 'सेव्ह' चालतच नाही. अनेक नव्या नोंदी एकदम घालणाऱ्या 'बल्क क्रिएट'चंही तसंच. एक्सेलमधून शेकडो पट्ट्या एकदम चढवताना नेमकं हेच वापरलं जातं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यांना नियम लागत नाही. चूक कुठे दिसतही नाही.

सिग्नलचा रस्ता तर मला अजिबात मान्य नाही. पट्टी साठवली की कुठेतरी, कुठल्यातरी फाइलमधलं फंक्शन आपोआप जागं होतं आणि आडत कापतं. कोड वाचणाऱ्याला त्याचा माग लागत नाही. आणि 'अपडेट' किंवा 'बल्क क्रिएट'च्या वाटेने गेलात तर 'पोस्ट सेव्ह' सिग्नलही सुटत नाही. शेतकऱ्याचे बाराशे रुपये अशा आडोशाला ठेवायचे नसतात.

(दृश्य: पडद्यावर दोन कोऱ्या फाइली. एकीचं नाव 'हिशोब', दुसरीचं 'कामं'.)

मग आम्ही काय केलं? दोन फाइली.

'हिशोब' या फाइलमध्ये साधी फंक्शनं. आत येतात वजन, भाव, खर्च, विक्रीची तारीख. बाहेर पडते शेतकऱ्याची रक्कम, खरेदीदाराची रक्कम, आडत. या फाइलला जँगो माहीत नाही, डेटाबेस माहीत नाही, मोबाइल माहीत नाही. पायथन 3 मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही चालतं, म्हणून पडद्यावर तुम्हाला 'पट्टी_काढा' असंच दिसतं आहे.

फाइल छोटी आहे, पण तिच्यात काळजी करावी अशा तीन गोष्टी आहेत.

एक, पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांकात, ठेवायचे नाहीत. पायथनला 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारा, उत्तर येतं 0.30000000000000004. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि हे आकडे त्यात पूर्ण बसत नाहीत. पैशांसाठी पायथनचा डेसिमल हा दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणारा प्रकार आहे, तो वापरायचा. पूर्णांकनही तपासून पाहायचं. पायथनचा 'राउंड' अडीचला तीन करत नाही, दोन करतो. बरोबर मध्यावरचा आकडा तो जवळच्या सम संख्येकडे नेतो. गाळ्यावर तसा हिशोब कुणी करत नाही. तेव्हा अर्ध्याला वर न्यायचं की नाही, हे डेसिमलला स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते एकाच फंक्शनमध्ये सांगायचं.

दुसरी गोष्ट तारीख, आणि इथे थोडं थांबायला हवं. आडत कुणाकडून, हे आजच्या तारखेवरून ठरत नाही, विक्रीच्या तारखेवरून ठरतं. जून 2016 ची पट्टी कुणी आज पुन्हा मागितली, तर ती जुन्याच नियमाने निघाली पाहिजे. नाहीतर तेव्हा दिलेले पैसे आणि आत्ताचा कागद यांचा मेळ बसणार नाही. म्हणून जुना नियम खोडायचा नाही. दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवायचे, प्रत्येकाला लागू होण्याची तारीख द्यायची. आणि 'हिशोब'च्या आत घड्याळ पाहायचं नाही. तारीख बाहेरून हातात द्यायची.

ती तारीखही जपून काढायची. सर्व्हर वेळ साठवतो ती बहुधा जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री एक वाजता वाशीत झालेली विक्री सर्व्हरच्या लेखी आदल्या संध्याकाळच्या साडेसातची असते. दहा ते सहा चालणाऱ्या कचेरीला हे कधी जाणवणारही नाही. पण मध्यरात्र ते पहाटे साडेपाच ही या बाजाराची ऐन धंद्याची वेळ आहे. भारतीय वेळेत न आणता नुसती तारीख उचलली, तर त्या वेळातली प्रत्येक पट्टी एक दिवस मागे जाते, आणि नियम बदलण्याच्या दिवशी चुकीच्या माणसाकडून आडत कापली जाते.

तिसरी गोष्ट ताळा. खरेदीदाराने दिलेले पैसे म्हणजे शेतकऱ्याचे, आडत्याचे आणि खर्चाचे मिळून जेवढे होतात तेवढेच. 17,400 अधिक 1,200 अधिक 2,600, बरोबर 21,200. जुन्या नियमातही हा ताळा बसतो: 16,200, 1,200 आणि 2,600 मिळून वीस हजार. आमची पहिली चाचणी हीच आहे. तिला डेटाबेस लागत नाही, त्यामुळे हजारो वेगवेगळ्या आकड्यांवर ती क्षणात चालते.

(दृश्य: गाळा. मेहताजी चष्मा लावून लॅपटॉपकडे बघत आहेत.)

अशा चाचण्या मेहताजींपुढे ठेवता येतात. "मेहताजी, हे एवढे आकडे बघा, शेतकऱ्याच्या हातात हेच यायला हवेत ना?" आणि ते विचारतात, "गाडीभाडं शेतकऱ्याने आधीच दिलं असेल तर?" कोड लिहिणाऱ्याला हा प्रश्न टेबलावर बसून सुचत नाही. नियम व्ह्यूच्या पोटात, फॉर्म आणि लॉगिनच्या ओळींमध्ये अडकलेला असता, तर तो त्यांना दाखवताही आला नसता.

दुसरी फाइल 'कामं'. 'पट्टी_नोंदवा' हे तिथलं फंक्शन. ते माल आणि भाव डेटाबेसमधून वाचतं, 'हिशोब'ला विचारतं, आलेलं उत्तर साठवतं आणि शेतकऱ्याला एसएमएस धाडतं. पट्टी आणि खात्यातल्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात: एक तर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही. एसएमएस मात्र जँगोच्या 'ऑन कमिट'वर, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच, सोडायचा. नाहीतर असं होतं की निरोप गेला, आणि नंतर काही अडलं म्हणून पट्टी मागे फिरली. गावात माणूस पैशांची वाट बघतो आणि इथे नोंदच नाही.

वेबचं पान, मोबाइलचा एपीआय, एक्सेल, रात्रीचं काम, चौघंही आता हेच फंक्शन बोलावतात. व्ह्यूमध्ये उरतं ते त्याचं स्वतःचं काम: कोण आहे, परवानगी आहे का, वजनाच्या रकान्यात आकडाच भरलाय ना.

एक नियम मात्र आम्ही मुद्दाम डेटाबेसमध्येच ठेवला: एका लॉटला, म्हणजे एकत्र विकलेल्या मालाला, एकच पट्टी. दोन गाळेकऱ्यांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर पायथनमधली तपासणी दोघांनाही 'पट्टी अजून नाही' असं सांगू शकते. तिथे तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी डेटाबेसची युनिक अटच कामाला येते.

बाकी यापेक्षा जास्त थर आम्ही घातले नाहीत. रिपॉझिटरी, फॅक्टरी अशा नावांचे थर, प्रत्येक कामाला एक वेगळा क्लास, हे सगळं मोठ्या, गुंतागुंतीच्या प्रणालीत उपयोगी पडतं. पण जँगोचे फॉर्म आणि ॲडमिन थेट मॉडेलवर उभे आहेत. मॉडेल पूर्ण झाकून टाकलं तर फुकट मिळणाऱ्या गोष्टी हाताने लिहाव्या लागतात. पायथनमध्ये एक फाइल आणि त्यातली चांगल्या नावाची फंक्शनं, एवढ्यावर पुष्कळ लांब जाता येतं. चार माणसांच्या टीमने तिथून सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

(दृश्य: जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा. एकेक पट्टी पडद्याशेजारी ठेवली जाते.)

आणि प्रोग्राम आधीच पसरलेला असेल तर? सगळा मोडून नव्याने लिहायला बसू नका. आधी जुन्या छापील पट्ट्या गोळा करा, जुलै 2016 च्या अलीकडच्या आणि पलीकडच्याही. त्यांचे आकडे चाचण्यांमध्ये उतरवा. मग एकच नियम उचला, आडतीचा, आणि तो 'हिशोब'मध्ये आणा. पान, एपीआय, एक्सेल, रात्रीचं काम, एकेकाला त्या फंक्शनकडे वळवा, आणि प्रत्येक वळणावर जुन्या पट्ट्या पुन्हा जुळवून बघा.

त्यानंतर बहुधा उचलीचा नंबर लागतो. हंगामाआधी शेतकऱ्याने घेतलेली आगाऊ रक्कम पट्टीतून वळती करायची असते, आणि त्याला नुसती विक्री पुरत नाही, खात्यावरची बाकी लागते. ती बाकी 'पट्टी_नोंदवा'ने खात्यावर कुलूप लावून वाचायची, म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या पट्टीतून तीच उचल पुन्हा कापली जाणार नाही, आणि मग एक साधा आकडा म्हणून 'हिशोब'च्या हातात द्यायची.