सड्याच्या वर जागा नाही

पहिल्या पावसानंतर दाजीपूरच्या घाटमाथ्यावर ढग असे जमिनीला टेकतात, तेव्हा खालच्या दरीपेक्षा इथली हवा बरीच थंड असते. दर 100 मीटर चढल्यावर तापमान साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने उतरते आणि डोंगरातला प्रत्येक जीव आपल्याला मानवेल अशा पट्ट्यात राहतो. हवा तापली की तो पट्टा वर सरकतो. मग पट्ट्याच्या खालच्या कडेला पिल्ले कमी जगू लागतात, वरच्या कडेला अधिक जगतात, आणि काही पिढ्यांत वस्तीच वर गेलेली दिसते.

बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर 1965 साली पतंगांची पाहणी झाली होती. 2007 मध्ये ती पुन्हा केली, तेव्हा पतंग सरासरी 67 मीटर वर सरकलेले आढळले. तो पर्वत 4,095 मीटर उंच असल्याने तिथे चढायला अजून वाव आहे. पेरूमधल्या पँटियाकोया डोंगराचा माथा मात्र साधारण 1,400 मीटरच आहे. तिथे 1985 मध्ये नोंदवलेले माथ्यावरचे काही पक्षी 2017 च्या पाहणीत सापडलेच नाहीत. आपला घाटमाथा तर त्याहूनही ठेंगणा, हजार मीटरांच्या आसपासचा आहे.

त्यावर आहे तो हा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचा उघडा, सपाट माथा. उन्हाळ्यात करपलेल्या या कातळावर जून लागताच उथळ डबकी साचतात. आजऱ्यापलीकडे आंबोलीच्या सड्यावर अशाच पाण्यात आंबोली भेक अंडी घालतो. शास्त्राला 2009 मध्ये नव्याने कळलेला हा भेक आज अतिसंकटग्रस्त आहे. डबके आटण्यापूर्वी त्याच्या पिल्लांना पाय फुटावे लागतात, त्यामुळे उन्हाइतकाच पावसातला खंडही त्याला घातक ठरतो, आणि सरकायला वर दुसरा सडा नाही. रानातल्या जिवांनाही सडा आसरा देत नाही. शेकरूला एकमेकींत गुंतलेल्या फांद्या लागतात आणि कातळावर त्या नसतात.

इथे समोर दिसणारा हा लाल खड्डाही एके काळी सडाच होता. बॉक्साइटसाठी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजासाठी, तो खरवडला गेला. सड्यात मुरलेल्या पावसावरच खालच्या गावांचे झरे वाहतात, म्हणून सड्याबरोबर तेही जातात.

राधानगरीपासून चांदोली-कोयनेपर्यंत रान सलग राहिले, तर वर जागा न उरलेल्या जिवांना निदान डोंगरधारेने उत्तरेकडे सरकता येईल. म्हणून या धारेवरच्या एकाही सड्यावर खाणीला नवा परवाना मिळता कामा नये.