खालून गारठा, बाजूनं पाऊस

(साताऱ्यात भटक्यांच्या एका मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘चांगला हॅमॉक कोणता घ्यावा’. हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून आत झोपायची कापडी झोळी. मी तो बदलून मागितला. बाजारातला बहुतेक कुठलाही हॅमॉक आपल्या भागात जसाच्या तसा चालत नाही, आणि बहुतेक कुठलाही थोड्या शिवणकामानं चालवून घेता येतो. समुद्रकिनारी दुपारची डुलकी काढायला शिवलेल्या कापडात आपण सह्याद्रीच्या माथ्यावर रात्र काढायला बघतो. तिथं गारठा पाठीखालून येतो आणि पाऊस बाजूनं येतो. आज जे काही सांगणार आहे ते या दोन गोष्टींसाठी. पण त्याआधी बांधणी नीट हवी, नाहीतर वरचं सगळं वाया.

‘हॅमॉकमध्ये पाठ दुखते’ म्हणणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा विचारतो, किती ताणून बांधला होता? उत्तर ठरलेलं: ‘चांगला घट्ट.’ ऊसतोडीच्या फडात लुगड्याची झोळी बांधणारी बाई ती कधी घट्ट ताणत नाही, चांगली खोल सोडते. माणसाच्या झोळीलाही तीच खोली लागते. हॅमॉकचं टोक झाडाला बांधणारा पट्टा आडव्या रेषेशी साधारण 30 अंशात उतरावा. कोनमापक नको, झाडापासून मीटरभर आत यावं आणि पट्टा तिथं 58 सेंटिमीटर खाली आलेला असावा, की झालं.

हा कोन केवळ आरामासाठी नाही. 75 किलोचा माणूस 30 अंशांच्या बांधणीत झोपला की प्रत्येक पट्ट्यावर 75 किलोचाच ताण येतो. 10 अंशांवर तोच ताण 216 किलो होतो, आणि 5 अंशांवर 430. म्हणजे तुम्ही जितकं सपाट ताणाल तितकं दोरीला, शिवणीला आणि झाडाला जास्त सोसावं लागतं. इथं एक गोष्ट मला जरा कडक शब्दांत सांगायची आहे. कास रस्त्याला हल्ली जिथं तिथं शेतघरं झालीत, आणि पाहुणे व्हरांड्याच्या विटांच्या खांबाला हॅमॉक बांधतात. विटांचं बांधकाम वरून आलेला भार पेलतं, आडवी ओढ पेलत नाही. 30 अंशांतसुद्धा 75 किलोच्या माणसाची खांबाला आडवी ओढ 65 किलोची असते. आणि खांब कोसळला तर आत झोपलेल्याच्याच अंगावर येतो, कारण ओढ त्याच दिशेनं असते. कंपाउंडच्या भिंतीचंही तेच. झाड शोधा, नाहीतर सरळ जमिनीवर पथारी टाका.

आता पहिला बदल. तो सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये, अंगावरून जाणारी एक न ताणणारी दोरी बांधायची. हिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी कापडाच्या लांबीच्या साधारण 83 टक्के ठेवायची. 11 फुटी, म्हणजे 3.35 मीटरचं कापड असेल तर दोरी 2.78 मीटरची, 10 फुटी असेल तर 2.53 मीटरची. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळीची खोली दर रात्री तीच मिळते. आत झोपल्यावर ही दोरी बोटांनी थोडी वाकली पाहिजे. तारेसारखी टणटणीत लागली तर पट्टे ढिले करा. चष्मा, विजेरी, पाण्याची लहान बाटली टांगायलाही हीच दोरी कामाला येते.

आणि झोपायचं तिरकं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तसं झोपलं की कापड आपोआप सपाट होतं आणि पाठ सरळ राहते. त्यासाठी कापड लांब हवं; आपल्या उंचीपेक्षा निदान चार फूट जास्त. दुकानातले आखूड हॅमॉक इथंच मार खातात. पायाकडचं टोक डोक्यापेक्षा वीसेक सेंटिमीटर वर बांधा, म्हणजे रात्रीत पायाकडं घसरणं थांबतं. पोटरीखाली कापडाची एक कडक घडी येते आणि गुडघे उलटे ताणले जातात. गुडघ्याखाली स्वेटरची गुंडाळी ठेवली की ते दुखणं गेलं. लाकडी दांड्या लावून पसरट केलेले हॅमॉक फोटोत छान दिसतात. त्यात गुरुत्वमध्य वर जातो आणि कूस बदलली की माणूस खाली. त्यांच्यावर अधिक वेळ घालवत नाही.

आता गारठा. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळं. हॅमॉकमध्ये आपल्या वजनानं पाठीखालचा भराव चेपला जातो, हवा निघून जाते, आणि खालून वारा मोकळा वाहत असतो. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रात बघता. पण हुडहुडी भरायला तेवढी थंडी लागतच नाही. पारा 18-20 अंशांवर असला तरी पहाटे पाठ आणि कंबर गारठून जाग येते. वरून दोन पांघरुणं वाढवून काही होत नाही, कारण भोक खाली आहे.

सोपा उपाय म्हणजे योगासनाची फोमची चटई आत टाकणं. चालतं. पण ती रात्रभर सरकते, खांद्याला पुरत नाही आणि घाम धरते. सरकणं थांबवायचं असेल तर हॅमॉकच्या पाठीला दुसरं पातळ कापड शिवून खिसा करा आणि चटई त्यात सारा. दुपदरी कापडाचा आणखी एक फायदा म्हणजे खालून डास चावणं बरंच कमी होतं. एकेरी नायलॉन अंगाला ताणून बसलं की डासाची सोंड त्यातून आरामात आत जाते. खांद्यांसाठी जुन्या चटईचे दोन आडवे तुकडे जोडून घ्या.

कुणीतरी मघाशी चहाच्या वेळी वाकळेचं विचारलं. आजीच्या लुगड्यांची वाकळ खाली बांधली तर? कोरड्या हवेत, माण-खटावकडं, हिवाळ्यात, बिनधास्त बांधा. पण सुती कापड ओलावा पितं आणि सोडत नाही. जावळी-महाबळेश्वरच्या धुक्यात सकाळपर्यंत वाकळ ओली होणार आणि तिचं ओझं तुमच्याच पाठीवर येणार.

खरा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट: हॅमॉकच्या बाहेरून, खालून टांगलेली रजई. तिच्यावर आपलं वजन येत नाही, म्हणून भराव फुगलेला राहतो. विकत घ्यायची गरज नाही. जुनी, चेन बिघडलेली सिंथेटिक स्लीपिंग बॅग घ्या, उसवून सपाट करा, चारही कडांना नाडीची घडी शिवा आणि त्यातून 3-4 मिलिमीटरची इलॅस्टिक दोरी ओवा. सगळी कला ती दोरी किती ताणायची यात आहे. ढिली राहिली तर मध्ये पोकळी होते आणि तिथून वारा खेळतो. फार ताणली तर भराव पुन्हा चेपतो. आत माणूस झोपवून बाहेरून हात घाला. हात अलगद सरकला पाहिजे, पण मोकळी जागा लागता कामा नये. दोन्ही टोकं नाडीनं आवळून बंद करा, ऊब तिथूनच पळते. पिसांचा भराव आपल्याकडच्या दमट हवेत मी सुचवणार नाही. पिसं ओलावली की फुगायची थांबतात.

आता पाऊस. आपल्या जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि दुसऱ्या टोकाला माणात पाचशेच्या आसपास. पण मिलिमीटरपेक्षा मला दिशेची काळजी जास्त. महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना गवताचे, हल्ली प्लास्टिकचे, आडोसे बांधतात ते छत गळतं म्हणून नव्हे. पश्चिमेचा वारा झड आत घालतो म्हणून. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हॅमॉकबरोबर मिळणारं छोटं चौकोनी छत वरचा पाऊस अडवतं आणि झडीत निकामी ठरतं.

छताची लांबी रिजलाइनपेक्षा दोन्ही बाजूंना निदान फूटभर जास्त हवी. 10 बाय 12 फुटांचं छत, बारा फूट रिजलाइनच्या दिशेनं, हे माप पुरतं. हॅमॉक वाऱ्याला आडवा बांधा, म्हणजे छताची रुंद बाजू पश्चिमेला येते. ती बाजू हॅमॉकच्या तळाच्याही खाली उतरवा. उलट्या बाजूला थोडं उंच ठेवा, तिथून हवा खेळते आणि धुक्याचा ओलावा आत साठत नाही. चार कोपऱ्यांना त्रिकोणी पडदे शिवले की दोन्ही टोकं दारासारखी बंद होतात. पावसाळ्यात एवढी एकच गोष्ट शिवणार असाल तर हे पडदे शिवा.

साहित्याचं म्हणाल तर प्लास्टिकची ताडपत्री चालते. चौरस मीटरला 90 ग्रॅमची घेतली तर 10 बाय 12 फुटांना किलोभर वजन होतं. सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचं छत त्याच्या निम्म्यानं येतं, पण नायलॉन ओलं झालं की सैल पडतं आणि मध्यरात्री उठून ताणावं लागतं. पॉलिएस्टर कमी सैल पडतं. नायलॉनच असेल तर प्रत्येक कोपऱ्याच्या दोरीत सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं अडकवा, सैल पडलेलं ते ओढून धरतं. ताडपत्रीच्या पितळी रिंगा वाऱ्यात उखडतात. रिंगेवर भरवसा न ठेवता कोपऱ्यात गुळगुळीत गोटा गुंडाळून त्यामागं दोरी बांधा. आणि छताची दोरी हॅमॉकच्या पट्ट्यापासून वेगळी बांधा, नाहीतर तुम्ही बसलात की छतही खाली येतं.

छत उत्तम असूनही पाठ भिजते, असं बरेच जण सांगतात. पाणी झाडाच्या खोडावरून पट्ट्यावर येतं आणि पट्ट्यावरून ओघळत हॅमॉकमध्ये. छताच्या आतल्या बाजूला, पट्ट्यावर बुटाची सुती नाडी बांधून तिची टोकं खाली लोंबत सोडा. पाणी तिथून ठिबकून जातं. दोन्ही बाजूंना बांधा.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, हे काहीच कामाचं नाही. विजा कडाडत असताना झाडाला टांगून झोपायचं नसतं. पक्क्या इमारतीत जायचं.

झाडाबद्दल थोडं. पट्टा रुंद घ्या, दोन इंची असेल तर उत्तम, आणि पॉलिएस्टरचा. नायलॉन ताणतं आणि पहाटे तुम्ही जमिनीला टेकता. बारीक कासरा सालीत रुततो. झाडाचा जिवंत थर सालीच्या लगेच आत असतो आणि तो कापला की त्या बाजूनं झाड वाळतं. शेवगा अंगानं ठिसूळ, पांगारा-सावरीला काटे. जांभूळ, हिरडा, ऐन बरे. बांधण्याआधी मान वर करून वाळक्या फांद्या बघा. आणि जागा बघा: कासचं पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं फुलं तुडवत पट्टे बांधायला जाऊ नका. कोयना अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. खाजगी रानात मालकाला विचारा. साताऱ्याकडचा शेतकरी विचारल्यावर बहुधा नाही म्हणत नाही, वर चहाही पाजतो.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतून आला: शिंप्याला नेमकं काय सांगायचं? धागा पॉलिएस्टरचा वापरायला सांगा, सुती ओलाव्यानं कुजतो. सुई बारीक घ्यायला लावा, जाड सुईची भोकं नायलॉनमध्ये फाटत जातात. कडा दोनदा दुमडून टीप मारायची. छताच्या शिवणींवर नंतर पातळ केलेलं सिलिकॉन फासा, पण कापडाला सिलिकॉनचा लेप असेल तरच. छत्रीच्या कापडावर ते धरत नाही. आणि हॅमॉकच्या टोकाला नाडीची घडी शिवून झाली की दोरीचा फास घडीच्या आतल्या अंगाला, गोळा झालेल्या चुण्यांवर आवळून बसवा. मग माणसाचं वजन कापडावर येतं, टाक्यांवर येत नाही. पहिल्यांदा गवतावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधा आणि हळूहळू बसा.