गच्चीवरचे एक्केचाळीस सेकंद

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवर कोण जातं? ज्यांच्या घरी वाळवण घातलेलं असतं, ते. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या आमच्या घरी सासूबाईंच्या जुन्या नऊवारीवर कुरडया वाळत होत्या. त्या उलटायला म्हणून वर गेले, तर मागच्या मोकळ्या प्लॉटवर धुळीचा खांब उभा.

आधी नुसतं वाळकं गवत गोल फिरत होतं. मग सिमेंटचं रिकामं पोतं उचललं गेलं, अगदी सावकाश, आणि बघता बघता विजेच्या खांबाच्याही वर गेलं. मी फोन काढला. खालून सासूबाई ओरडत होत्या, "अगं, आधी खाली ये!" मी ऐकलं नाही. वावटळ गच्चीला घासून गेली, नऊवारीचं टोक विटेखालून सुटलं आणि निम्म्या कुरडया शेजारच्या कडुनिंबात. डोळ्यांत माती, दातांखाली कचकच.

व्हिडिओ ४१ सेकंदांचा. तो घरच्या ग्रुपवर टाकला, पण तारीख, वेळ, जागा काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी तो फिरून माझ्याकडेच आला. कुणीतरी त्याला गडगडाटाचा आवाज जोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'ग्वाल्हेरात टोर्नेडो'. रात्री पुण्याहून मावशीचा फोन. "तुम्ही सगळे बरे आहात ना?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती आणि रडत होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तो टोर्नेडो नव्हता. मी शाळेत भूगोल शिकवते, तेव्हा दोन ओळी लिहिणं माझंच काम होतं. आपली वावटळ, इथे ज्याला बवंडर म्हणतात ती, जमिनीवरून उठते. गहू निघालेली उघडी जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते, भोवतालची हवा आत धावते आणि गिरकी घेत चढते. वर आभाळ बहुधा निरभ्र असतं. टोर्नेडोचं मूळ ढगात. गडगडाटी, अजस्र ढगाखाली सोंड लोंबते आणि जमिनीला टेकते. तो आपल्या देशात क्वचित येतो, पण येतो. १७ मार्च १९७८ला तो दिल्लीत, विद्यापीठाच्या भागात आला होता. बांगलादेशात माणिकगंजकडे २६ एप्रिल १९८९ला आलेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसं गेली. असं नाव गंमत म्हणून कुठल्याही धुळीला लावायचं नसतं.

आणि तरीही मी म्हणेन, व्हिडिओ काढा. अमेरिकेतल्या फार्गो शहरावर २० जून १९५७ला टोर्नेडो आला, तेव्हा गावातल्या साध्या माणसांनी आपापल्या कॅमेऱ्यांनी फोटो घेतले. तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने ते गोळा केले, कोणता कुठून आणि कधी घेतला ते जुळवलं, आणि त्यांतून ते वादळ कसं वाढलं आणि कसं सरकलं हे मांडलं. पुढे १९७१मध्ये टोर्नेडोची तीव्रता ठरवणारी मोजपट्टी आली, ती याच फुजितांची. कुणीतरी घराजवळून घेतलेला फोटो इतक्या दूर पोचला, कारण त्याची जागा आणि वेळ सापडत होती.

म्हणून फोन आडवा धरा आणि स्थिर ठेवा. चौकटीत खांब, झाड, पाण्याची टाकी, काहीतरी न हलणारं असू द्या. तारीख, वेळ आणि कुठे उभे आहात ते तोंडाने बोला. पण ढगातून सोंड उतरताना दिसली तर फोन खिशात घाला आणि खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जा. गच्चीवर थांबू नका. मी थांबले, ते चुकलं.

दुसऱ्या दिवशी मुलाने खांबाची सावली मोजली, स्वतःची सावली मोजली आणि त्रैराशिक मांडलं. खांब आठ मीटरचा निघाला. वावटळ त्याला लागूनच गेली होती आणि व्हिडिओत त्याच्या पाचपट दिसते, म्हणजे चाळीसेक मीटर. मूळ व्हिडिओखाली हे सगळं लिहिलं आणि मावशीला फोन लावला.

"चाळीस मीटर म्हणजे किती गं?"

"बारा-तेरा मजले, मावशी. पण नुसती धूळ."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि कुरडया?"

"निम्म्या वाचल्या."